गात आहेत म्हणजे ठीक आहेत

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. पावसाळ्यात आमच्या इंजिनिअर कंपनीला हुकूम आला की प्राणहितेला पूर आहे, अहेरीकडं एक डिटॅचमेंट तातडीनं रवाना करा. मी हवालदार होतो. दोन असॉल्ट बोटी, दोन आउटबोर्ड मोटारी, वायरलेस सेट आणि पंधरा-सोळा जवान घेऊन आम्ही बल्लारशाला रेल्वेतून उतरलो. तिथून ट्रकनं निघालो. रस्ता कुठं होता, कुठं नव्हता. अहेरीत पोचलो तेव्हा शाळेचे सगळे वर्ग पूरग्रस्तांनी भरले होते. मुख्याध्यापकांची खोली आम्हाला मिळाली. त्यांच्या टेबलावर सेट ठेवला आणि खाली जमिनीवर बिस्तरे पसरले.

लढाईच्या गोष्टी ऐकायला लोकांना आवडतं. पुराच्या ड्युटीला कोणी ड्युटी समजत नाही. पण सतरा वर्षांच्या नोकरीतली माझी सगळ्यात वाईट संध्याकाळ सीमेवरची नाही. ती या पुरातली आहे.

माझ्या बोटीवर नायक यशवंत रामटेके होता. मी मागं मोटारीवर, तो पुढच्या टोकाला बांबू घेऊन. ओंडका आला की ढकलायचा, खोली मापायची, दोर टाकायचा, हे त्याचं काम. माझं गाव कृष्णाकाठचं, त्याचं मूल तालुक्याकडं धानाच्या पट्ट्यातलं. त्याच्या ‘काऊन’ आणि ‘मले-तुले’ची आम्ही भरपूर टिंगल करायचो. तो म्हणायचा, “भाऊ, तुमी सांगलीवाले बोलता तवा मले वाटते भांडून राह्यले.” ड्युटीवर तो मला उस्ताद म्हणायचा आणि ड्युटी संपली की भाऊ. या दोन्हींत त्याची कधी गल्लत झाली नाही.

त्याच्या बिस्तऱ्यात एक खंजेरी असायची. फौजेच्या सामानात असल्या वस्तूला जागा नसते. एकदा किट तपासणीत सुभेदार साहेबांच्या हाती ती लागली. साहेबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “ये क्या है?”

“साहब, दवाई है.”

आम्ही सगळे सावधानमध्ये उभे. साहेबांनी खंजेरी परत बिस्तऱ्यात ठेवली. म्हणाले, “कभी हमें भी पिलाना.” त्यानंतर त्या खंजेरीला कोणी हात लावला नाही.

आणि ती खरंच दवाई होती. दिवसभर मोटार चालवून हात लाकडासारखे व्हायचे. डोळ्यांसमोर पाणीच पाणी. अशा वेळी रामटेके भिंतीला टेकून बसायचा, खंजेरी गुडघ्यावर घ्यायचा आणि सुरू व्हायचा. वस्तीतल्या जयंतीला म्हणायची गाणी, वडिलांकडून उचललेली भजनं, मधेच त्यांच्याकडच्या दंडारीच्या खेळातलं एखादं चावट गाणं. ट्रान्झिस्टरचे सेल भिजून गेले होते, त्यामुळं रेडिओ नव्हता. रामटेके होता. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या वर्गातली माणसं एकेक करून आमच्या दारात येऊन बसली. घरदार वाहून गेलेली माणसं ती. एक बाई तान्ह्याला घेऊन आली. ते पोर दुपारपासून रडत होतं, ते झोपलं. आमचे कॅप्टन साहेब बाहेर व्हरांड्यात चहाचा मग घेऊन बसले होते. चहा केव्हाच संपला होता, तरी ते उठले नाहीत.

त्या रात्री झोपताना मी त्याला विचारलं, “एवढं पाणी बघून तुला गाणं सुचतं कसं?”

तो म्हणाला, “उलटं हाये भाऊ. भेलेला मानूस गातच नाई. त्याचा गळाच बसते. जो गाऊन राह्यला, तो बरा हाये समजा.”

मला ते पटलं. आमच्या घरी आई जात्यावर किंवा चुलीपुढं गुणगुणायला लागली की आम्ही समजायचो, आज सगळं ठीक आहे. ज्या दिवशी घरात काही बिनसलं असेल त्या दिवशी आई गप्प असायची. आमच्याकडं असंच असतं, आणि रामटेकेकडंही तसंच होतं.

आता कामाचा एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पुरात दोन ठिकाणी माणसं अडकली असतील आणि बोट एकच असेल, तर जिथून आवाज येत नाही तिथं आधी जायचं. ओरडणाऱ्याच्या अंगात अजून ओरडण्याइतकी ताकद असते. गप्प आहे त्याची हालत वाईट. हा नियम आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवला होता, मीही पुढं अनेकांना शिकवला, आणि आजही तो मला चुकीचा वाटत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दुसऱ्या बोटीची मोटार ओंडक्याला आपटून बंद पडली. दुपारी खबर आली की नाल्याचं पाणी उलटं चढून माडिया आदिवासींचे दोन टोले, म्हणजे छोट्या वस्त्या, वेढले गेलेत. वरचा टोला आणि खालचा टोला. रस्त्याच्या भरावापर्यंत ट्रकनं जाऊन आम्ही बोट पाण्यात सोडली. मी, रामटेके आणि सेट सांभाळायला एक सॅपर, म्हणजे आमच्या कंपनीतला साधा जवान. भरावावर ट्रकपाशी कॅप्टन साहेब दुसरा सेट घेऊन थांबले.

जंगलातलं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा वाईट. खाली काय आहे ते कळत नाही. मोटार हळू ठेवून आम्ही झाडांमधून चाललो होतो. थोड्या वेळानं रामटेकेनं हात वर केला. मी मोटार बंद केली. डावीकडून, झाडांच्या आडून ढोल ऐकू येत होता. त्यावर बायका-माणसांचं गाणं. एकच ओळ, परत परत. शब्द कळण्याइतकं ते जवळ नव्हतं, आणि कळले असते तरी आम्हाला गोंडी येत नव्हती. माणसं दिसत नव्हती. उजवीकडं खालचा टोला. तिकडून काही नाही.

सॅपरनं सेट लावला. साहेबांचा सेट ‘वन’, आमचा ‘टू’. मी बोललो.

“वन फॉर टू. वरच्या टोल्यावर गाणं आणि ढोल चालू. खालच्या टोल्यावरून आवाज नाही. ओव्हर.”

“वन. वरच्या माणसांची हालत? ओव्हर.”

मी रामटेकेकडं बघितलं. तो कान देऊन ऐकत होता. त्याच्या तोंडावर हसू होतं. बोटं बांबूवर त्या ढोलाचा ठेका धरत होती.

“मजेत हायेत उस्ताद. आपली बोट पाह्यली वाटते त्याईनं. जोर चढला पाहा.”

खरंच गाणं वाढलं होतं.

“टू. हालत ठीक. ओव्हर.”

“वन. खालच्या टोल्यावर आधी जा. ओव्हर.”

“टू. रॉजर. आउट.”

खालच्या टोल्यापर्यंत पोचायला बराच वेळ गेला. मधे बांबूचं बन आडवं आलं होतं, त्याला वळसा घालावा लागला. टोल्यावर घरांची नुसती छपरं वर होती. एका छपरावर कोंबड्या बसल्या होत्या. आम्ही हाका मारल्या. रामटेकेनं एका छपराची कौलं काढून आत डोकावून पाहिलं. कोणी नव्हतं. माणसं आदल्या दिवशीच जनावरं घेऊन डोंगराकडं निघून गेली होती, हे आम्हाला नंतर समजलं. तिथून परत फिरलो तेव्हा उजेड उतरायला लागला होता.

वरच्या टोल्यावर पोचलो. ‘वरचा’ म्हणजे उंचावरचा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तिथंही पाणीच होतं. एका मोठ्या मोहाच्या झाडावर बारा-पंधरा माणसं बसली होती. लेकरांना लुगड्यांनी फांद्यांना बांधलं होतं. सगळी गात होती. डोळे मिटत होते, मान कलंडत होती, शेजारचा ढोसत होता आणि ती परत गात होती. ढोल वाजवणाऱ्याचं नाव लालसू. तो बांबूकटाईला बाहेर जायचा म्हणून त्याला थोडी मराठी येत होती. ढोलाच्या कातड्यावर त्याच्या बोटांचं रक्त लागलं होतं.

आदल्या संध्याकाळपासून ती माणसं झाडावर होती. झोप लागली की माणूस खाली पडणार, म्हणून ती रात्रभर आणि दिवसभर गात होती.

लालसूनं रामटेकेला सांगितलं, “तुमची बोट पाह्यली. आमी जोरानं गायलो. तुमी गेले.” मग शेजारच्या मोकळ्या फांदीकडं हात केला. “मंग बुडा झोपला. पडला.”

तो म्हातारा लालसूचा बाप होता.

रामटेकेनं बांबू बोटीत खाली ठेवला. त्याचा चेहरा मी पाहिला आणि नजर वळवली. दोघांनी मिळून आधी लेकरं उतरवली, मग बायका. एका बाईच्या पोटाशी तान्हं होतं. रामटेकेनं आपलं लाइफ जॅकेट काढून तिला बांधलं. बोट भरली. लालसू आणि आणखी तिघं झाडावर उरले. मी मोटारीला हात घातला तर रामटेके फांदीवर चढलेला.

“रामटेके, बोटीत बस.”

“जागा नाई उस्ताद. अन् याईले झोप लागून राह्यली. मी जागवतो याईले.”

“हा हुकूम आहे.”

“परत येजा ना लवकर. मी हाये इथी.”

त्यानं लालसूच्या गळ्यातून ढोल काढून आपल्या गळ्यात घातला आणि वाजवायला लागला. त्यांच्या गाण्याची ओळ त्यानं बघता बघता उचलली. शब्द चुकत असतील, पण सूर बरोबर लागला. बोट खरोखरच काठोकाठ भरली होती. मी निघालो. त्याला हात धरून खाली ओढायला हवा होता असं मला आज वाटतं. पण ओढून बसवला कुठं असता?

भरावावर माणसं उतरवली आणि लगेच उलटे फिरलो. दिवेलागण झाली होती. झाडं सगळी सारखीच दिसायला लागली, म्हणून मधे मधे मोटार बंद करून कानोसा घेत होतो. गाणं ऐकू येत होतं. त्याच अंगानं बोट नेत होतो. सेटवर साहेबांनी विचारलं, “रामटेके ठीक? ओव्हर.”

“टू. गाणं चालू आहे. ठीक आहेत. ओव्हर.”

ढोल वाजत नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं होतं. हात दुखले असतील, असं मी समजलो.

आम्ही पोचलो तेव्हा मोहाची एक जाड फांदी बुंध्यापासून चिरून पाण्यात लोंबत होती. दुसऱ्या बाजूच्या बेचक्यात चौघं एकमेकांना मिठी मारून बसले होते आणि गात होते. गाणं न थांबवता लालसूनं हात लांब करून खालच्या धारेकडं दाखवलं.

उरलासुरला उजेड होता तोवर शोधलं, मग टॉर्च घेऊन शोधलं. मी नावानं हाका मारत होतो. साहेबांनी तीनदा परत बोलावलं, तिसऱ्यांदा मी ऐकलं. रामटेके तिसऱ्या दिवशी सापडला. खाली बांबूच्या बनात अडकला होता. ढोल गळ्यातच होता.

तो गेला त्याच रात्री मी शाळेत आमच्या खोलीत परतलो. खंजेरी त्याच्या उशाशी होती. शेजारच्या वर्गात लालसूची बायको सोमी गायला लागली. सासऱ्यासाठी असेल, रामटेकेसाठी असेल. मी उठून ऐकत उभा राहिलो. तीच ओळ होती, तीच चाल. दुपारी बोटीतून ऐकलं होतं ते आणि हे, यांत मला काही फरक कळला नाही. मला फार वाईट वाटलं. मी खोलीत येऊन भिंतीकडं तोंड करून पडलो.

चौकशी झाली. कोणाचा दोष निघाला नाही. नियम बरोबर होता, हुकूम बरोबर होता.

मी निवृत्त होऊन आता खूप वर्षं झाली. सून कानात वायर घालून भाज्या चिरते आणि म्हणते, आबा, गाणं ऐकलं की कसं हलकं वाटतं. वाटत असेल. मला मात्र कोणी एकटं गाताना ऐकू आलं की हातातलं काम टाकून तिकडं जावंसं वाटतं. एकदा शेजारी रंगकाम करणारा परांचीवर चढून मोठ्यानं गात होता. मी खाली जाऊन विचारलं, “बरं आहे ना?” तो हसला. घरातलेही हसले. हसू देत.

रामटेकेचं सामान त्याच्या गावी पोचवायला मी गेलो होतो. वडील अंगणात बसले होते. मी ट्रंक ठेवली, वर खंजेरी ठेवली. त्यांनी ती उचलली, चकत्यांवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.  मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

“शेवटी गाऊन राह्यला होता काय जी पोरगा?”

फांदी मोडली तेव्हा तो गात होता, हे लालसूनं मला सांगितलं होतं.

“होय बाबा. गात होता.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. खंजेरी छातीशी धरली. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला.

“मंग भेला नसन,” ते म्हणाले. “बरा असन तवा.”

मी होय म्हणालो.