समुद्र नसलेल्या देशातलं गाव

ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एका कापड कारखान्यात मी टायपिस्ट होते. नवे माग बसवायला चेकोस्लोव्हाकियातून एक वयस्कर फिटर आला. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, माझंही बेताचंच. तरी दुभाषी म्हणून मलाच पुढे केलं. त्याला समुद्र जवळून पाहायचा होता, म्हणून एका रविवारी मी त्याला घिवलीला आमच्या घरी नेलं.

आई अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"तुमचे गावात कुटला मासा मिलतो?" तिने विचारलं.

"आमच्या देशाला समुद्रच नाही," तो म्हणाला. मी मराठीत सांगितलं, तर आईला वाटलं मीच काहीतरी चुकतेय.

मग तो खाली बसला आणि अंगणातल्या वाळूत काडीने गाव काढू लागला. टेकडीच्या उतारावर घरं, वर रान, खाली ओढा, मधोमध तळं. ते त्याच्या पूर्वजांनी हातांनी खणलेलं. थंडीच्या तोंडावर तळ्याचं पाणी सोडून देतात आणि सगळा गाव चिखलात उतरून मासे धरतो.

"म्हंजे तुमी आमच्यातलंच!" आई खूश झाली.

ओढ्यापलीकडच्या घरांशी काडी थांबली. तिथे जर्मन बोलणारे शेजारी राहायचे. महायुद्ध संपल्यावर त्यांना देशाबाहेर घालवलं. घरं उघडी पडली, आलुबुखारची झाडं मात्र लगडलेली.

"ती फलं कोनी खाल्ली?"

"पहिल्या वर्षी कुणीच नाही. पुढच्या वर्षी माझ्या आईने मुरंबा केला. झाड तिच्या मैत्रिणीचं होतं. ढवळताना ती रडत होती."

आईने हातातले बोंबील खाली ठेवले. "तिचं घर कंचं?" तिने विचारलं. त्याने त्या जागी एक शिंपला ठेवला.

मी जन्माने घिवलीची, पण माझं गाव मला असं सांगता आलं नसतं. त्याने गावाचं कौतुक केलं आणि गावाची लाजही झाकली नाही. तो माणूस मला तेव्हा फार मोठा वाटला.

संध्याकाळी आई एसटीच्या थांब्यापर्यंत आली. वाटेत तिने एकच विचारलं, ती मैत्रीण परत भेटली का.

"भेटली," तो म्हणाला. "खूप वर्षांनी पाहुणी म्हणून आली. दोघी म्हाताऱ्या झाल्या होत्या. दिवसभर तळ्याकाठी बसल्या, घरात यायला तयारच नव्हत्या."

मी सांगितलं तशी आई हसली. "बरं जालं," म्हणाली, आणि बसला हात दाखवायला पुढे झाली.