शिंगांच्या रंगाची रेघ

बिघडलेली गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असा बाबांचा नियम होता. त्या एका नियमापायी मी दिग्रसमध्ये अडकून पडलो होतो.

नागपूरला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये माझं काम ठरलं होतं. तिथला मिस्त्री माझी वाट बघत होता, आणि किती दिवस बघेल याचा काही भरवसा नव्हता. बाबा म्हणायचे, "गाडी नीट झाली का ड्रायव्हर ठेवू, अन् तू जाय. मी कायले अडवू तुले?" अडवत कोणीच नव्हतं. गाडी तेवढी नीट होत नव्हती.

ती पांढरी पेट्रोल गाडी आधी कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनवाल्या शेठची होती आणि बाबा तिचे ड्रायव्हर. शेठनं नवी घेतली तेव्हा ही आमच्या दारात आली आणि टॅक्सी झाली. किलोमीटरचा मीटर एकदा सगळे आकडे संपवून पुन्हा शून्यापासून निघाला होता. पुढे बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि स्टिअरिंग माझ्याकडे आलं. बाबा डावीकडच्या सीटवर बसायचे, काच खाली करून, कान इंजिनाकडे. भाडं असो नसो, त्या सीटवर दुसऱ्या कोणाला बसू देत नसत.

भाडंही घटलं होतं. कापसाचं गणित बिघडलं ती ही वर्षं. जिनं अर्धाअर्धा हंगाम बंद असायची, व्यापारी एसटीनं जाऊ लागले, लग्नं पुढे ढकलली जायची. राहिला यवतमाळचा सरकारी दवाखाना. तिकडे जाणारी माणसं मागच्या सीटवर एक शब्द बोलत नसत, आणि गाडी चढावर रेंगाळली की मला त्यांच्याकडे आरशातून बघवत नसे.

दुखणं टायमिंगचं होतं. इंजिनात पेट्रोलचा भडका उडवणारी ठिणगी ठरल्या क्षणी पडावी लागते. आमची मागाहून पडायची. मग गाडी ओढ धरायची नाही, गरम व्हायची, पेट्रोल ढोसायची आणि उतारावर सायलेन्सरमधून फटाके फोडायची. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला की टायमिंग जागेवर येतं. ठिणगीचा क्षण दाखवणारा टायमिंग लाइट लावून मी ते जागेवर आणायचो. चार-आठ दिवस बरे जायचे, आणि मग पुसदच्या रस्त्यावरच्या चढावर बाबा मान हलवायचे.

"सुस्त झाली. आयक."

"कालच तर लावलं, बाबा."

"तुह्या त्या लाइटले काय समजते? कानानं लावत जाय."

इथून आमचं भांडण सुरू व्हायचं ते घर येईपर्यंत. ते कानाचे, मी लाइटचा. आई म्हणायची, गाडीपेक्षा तुमचाच आवाज जास्त.

मी ठिणगी पाडणारे पॉइंट बदलले, त्यांची फट पुन्हा पुन्हा मोजली. शेवटी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पुढची पुली हातानं मागेपुढे हलवून बघितली. पुली बरीच सरकायची तेव्हा कुठे आतला रोटर हलायचा. म्हणजे इंजिनाची चेन ताणून ढिली झालेली. एवढी पळालेली गाडी, चेन ढिली होणारच, आणि ढिल्या चेननं टायमिंग मागेच पडतं. सगळं जुळलं. मला इतका आनंद झाला की मी नागपूरला फोन करून टाकला. यवतमाळहून चेन आणली, रेडिएटर उतरवला, अंगण तेलानं माखलं. नवी चेन पडली आणि गाडी वाऱ्यासारखी निघाली. मी बॅग भरली.

बॅग भरलेलीच राहिली. आठवड्यात गाडी पुन्हा सुस्त.

त्या दिवशी मी बोनेटवर डोकं टेकवून रडलो. ही गाडी, हे अंगण, हा चढ, यातून मी म्हातारा होईपर्यंत सुटत नाही असं वाटलं. तपासायचं काही उरलं नव्हतं. उरला होता तो फक्त डिस्ट्रिब्युटर. तो स्वतःच जागचा सरकत असेल का?

शेजाऱ्यांकडे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवलेल्या लाल पेंटचा डबा होता. तळाशी उरलेल्या रंगात काडी बुडवून मी टायमिंग लावल्यावर एक बारीक रेघ ओढली, अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी इंजिनावर. बाबांना ती दिसण्यासारखी नव्हती.

गाडी सुस्तावली तशी मी बोनेट उघडलं. रेघ तुटली होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. डिस्ट्रिब्युटर धरून ठेवणारा बोल्ट मात्र घट्ट होता, अगदी पान्यानं आवळलेला. आपसूक सरकलेला डिस्ट्रिब्युटर स्वतःचा बोल्ट आवळत नाही. आणि घरात पाना धरणारे आम्ही दोघंच.

इतके महिने! मग एक गोष्ट लक्षात आली आणि राग कुठे ठेवावा कळेना. दर वेळी टायमिंग मागेच गेलं होतं, पुढे कधीच नाही. पुढे नेलं असतं तर पिस्टन जळाले असते. बाबांनी गाडी थकवली होती, दुखावली नव्हती.

मी त्यांना हाताला धरून आणलं आणि त्यांचं बोट त्या रेघेवर टेकवलं. रंगाचा उंचवटा बोटाला लागला. मग तो तुटला तिथे बोट थांबलं.

"म्याच फिरवला," ते म्हणाले.

"काहून, बाबा?"

"ड्रायव्हर गाडी चालवीन. पण भांडू कोणासंग मी?"

मग त्यांनीच पाना मागितला, बोल्ट सैल केला, मला इंजिन सुरू करायला लावलं आणि कान देत देत डिस्ट्रिब्युटर फिरवला. "आता बरोबर हाय," म्हणाले. "जाय तू."

दुसऱ्या दिवशी पुसदचं भाडं होतं. चढावर गियर उतरवावा लागला नाही. बाबांनी काच खाली केली होती, पण अख्ख्या रस्त्यात ते एक शब्द बोलले नाहीत. बोलण्यासारखं इंजिनात काही उरलंच नव्हतं. मला मोकळं वाटायला हवं होतं. पण इतकं अडकल्यासारखं मला त्या अंगणातही कधी वाटलं नव्हतं.

"कधी निघतं मंग?" परतताना त्यांनी विचारलं.

"बघतो," मी म्हणालो. "नवी चेन आहे. बसलीय का नीट, ते थोडे दिवस बघावं लागेल."

नव्या चेनमध्ये बघण्यासारखं काही नसतं. त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"हो बापा," बाबा म्हणाले. "पाहा तं लागतेच." आणि त्यांनी कान इंजिनाकडे वळवला.