रोवेनाची कॉफीची फेरी

कॅनडातल्या आमच्या केप ब्रेटन बेटावर बर्फ वितळला की आधी रस्त्यातले खड्डे दिसतात, मग इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं. चार महिने वर्गात बसायचं, चार महिने सरकारी रस्त्याच्या कामावर राबायचं, अशी त्यांच्या शिक्षणाची पद्धत. मी 'थांबा' आणि 'हळू' लिहिलेली दुतोंडी पाटी धरून रस्त्यात उभी राहते, त्यामुळे असली पोरं मी ढिगानं पाहिलीत. बहुतेकांना फावडं कसं धरायचं ते सांगावं लागतं, आणि सांगितलं की राग येतो.

रोवेना मॅकफी तशी नव्हती. समुद्रात लॉबस्टर पकडणाऱ्या बापाची लेक. पहाटे उठायची सवय आणि उलट उत्तर द्यायचीही. कामावरची ही तिची शेवटची फेरी होती. आमचे साहेब वेन्डल यांनी तिला पास केलं तर पदवी हातात, नाहीतर सगळंच अडलं.

तिच्याकडे एक पिवळी पेटी असायची. रस्त्यावर टाकलेलं डांबर नीट दाबलं गेलंय का, हे मोजायचं यंत्र तिच्यात. यंत्राच्या पोटात किरणोत्सर्गी गोळी असते, म्हणून पेटीवर तीन पात्यांची धोक्याची खूण आणि नियम कडक. पेटी नजरेआड करायची नाही आणि गाडीत ठेवली की साखळीनं बांधायची.

दुसरा नियम कुठंच लिहिलेला नव्हता, पण तो त्याहून कडक. सगळ्यांची कॉफी आणायची ती नव्या पोरानंच. कुणाची कशी ते पाठ हवं. चुकलं की रोलर चालवणारा हेक्टर दिवसभर सोलून काढायचा.

त्या सकाळी रोवेना वळणापलीकडे एकटीच मोजत होती. मोजून झालं, पेटीला कुलूप लावून तिनं ती कडेच्या गवतात ठेवली. तेवढ्यात वॉकीटॉकीवर हेक्टर ओरडला, "अगं ए इंजिनिअरीणबाई, घसा सुकला इथं! माझी दुप्पट साय, दुप्पट साखर. मागच्यासारखं कडू पाणी आणू नकोस!"

मग एकेकानं आपापलं सांगितलं. मीही सांगितलं, माझी बिनदुधाची. ती तोंडानं पुटपुटत गाडीत बसली आणि गेली.

परत आली तेव्हा एकाचीही कॉफी चुकली नव्हती. हेक्टर चक्क "वा!" म्हणाला. रोवेना हसत गाडीच्या मागच्या बाजूला गेली, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. साखळी होती, पेटी नव्हती. आम्ही वळणापलीकडे धावलो. गवत दबलेलं होतं, बस्स.

"हे बघ," हेक्टर हळूच म्हणाला, "घाई करू नकोस. आधी आपण शोधू. वेन्डलला कळलं तर तुझं काही खरं नाही."

"आणि दुसऱ्याच कुणाला सापडली तर?" रोवेना म्हणाली. तिनं फोन काढला. तो माझ्याकडे देईल असं मला वाटलं. नाही दिला. स्वतःच लावला.

"साहेब, रोवेना बोलतेय. पेटी हरवली. माझ्याच हातून हरवली."

वेन्डल एरवी फोनशिवायही पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू जातात. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, "बरं. तिथंच थांब."

त्यांनी पोलिसांना कळवलं, गावच्या रेडिओला कळवलं. काम थांबलं, डांबर ट्रकमध्ये निवत राहिलं. आम्ही चरातून काठ्या फिरवत होतो आणि रोवेना दगडावर बसून आपल्या बुटांकडे बघत होती. बिचारीकडे बघवत नव्हतं.

आणि मग एक निळी खटारा गाडी आली. खाणीतून निवृत्त झालेला आर्ची उतरला, काखेत पेटी.

आमच्याकडे रस्त्यात पडलेलं कुणी चोरत नाही, दुरुस्त करायला घरी नेतं.

"तुमचीच ना गं ही?" तो म्हणाला. "वर पात्यांचं चित्र बघितलं, म्हटलं पंखा असेल. कुलूप फोडायला पहार घेतलीच होती, तर रेडिओवाला बोंबलला, हात लावू नका! माझी तर पाचावर धारण बसली, पोरी!"

हुश्श! माझा जीव असा भांड्यात पडला की मी हातातली पाटीच टाकली. रोवेना आर्चीच्या गळ्यात पडून एकदम हसू आणि रडू लागली. हेक्टर मात्र त्या न फुटलेल्या कुलपाकडे बघत राहिला. घाई करू नकोस म्हणाला होता ना.

वेन्डल आले, त्यांनी पेटी तपासली. सगळं शाबूत.

"आता माझं काय, साहेब?" रोवेनानं विचारलं.

"चूक वर कळवावी लागेल. बोलणी खाशील, आणि ती खायलाच हवीत."

"आणि पास?"

"तुला नापास केलं," वेन्डल म्हणाले, "तर उद्या चूक झाल्यावर मला फोन कोण करेल?"

आता रोवेना आमच्या नव्या वळणरस्त्याची इंजिनिअर आहे. पदवी मिळाली की आमच्याकडे इंजिनिअर लोकांना देतात ती लोखंडी अंगठीही करंगळीत आली. तिच्या हाताखाली दर उन्हाळ्यात नवं पोर येतं, पण त्याला कॉफी आणायला कुणी पाठवायचं नाही. ती स्वतः जाते, सगळ्यांची बिनचूक आणते.

फक्त हेक्टरची तेवढी बिनसाखरेची असते. तो मुकाट्यानं पितो.