पडद्यावरचा म्हातारा जेवेना!

पडद्यावरच्या एका म्हाताऱ्याला जेवायला लावण्यासाठी मी जेवढा पळालो, तेवढा स्वतःच्या लग्नात पळालो नव्हतो. लग्नात निदान रुसणारी माणसं खरी होती!

आमच्या नाशकात एका सुधारक शेटजींनी आईच्या नावाने निराधार म्हाताऱ्यांसाठी घर बांधलं होतं. मी तिथला मानद चिटणीस. (मानद म्हणजे पगार नाही, शिव्या मात्र पूर्ण.) दिवसा हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांची भांडणं सोडवायची. त्या 'निराधारां'त माझी सख्खी आत्याही होती, हे मी चारचौघांत जरा हळू आवाजात सांगत असे. मला लहानाचं मोठं तिनेच केलं. पण तिचं आणि आमच्या मंडळींचं आमटीच्या फोडणीवरून बिनसलं. "चार दिवस तिकडे राहा," म्हणून मी तिला सोडून आलो, आणि ते चार दिवस काही संपेनात. मी रोज तिथे जायचो खरा, पण चिटणीस म्हणून. भाचा म्हणून जायला सवड होत नसे.

म्हातारी मंडळी एकेक नग! गोपाळराव कोर्टातले निवृत्त बेलीफ. जन्मभर लोकांच्या दारावर नोटिसा डकवल्यामुळे त्यांना साधं बोलताच येत नसे. वणीकडच्या भागाआजी अर्ध्या बहिऱ्या, पण आपल्याबद्दलचं तेवढं ऐकू यायचं. रोज पंगतीत कोणीतरी रुसून ताट सारून उठायचंच. शेवटी मी युक्ती काढली. फळ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात नियम लिहिला: 'पंगतीतले कोणीही ताट सारून उठल्यास, त्यांची समजूत पटून ते जेवेपर्यंत इतरांनी घास घेऊ नये.' भुकेपोटी सगळे एकमेकांची मनधरणी करू लागले. शेटजींनी माझी पाठ थोपटली. तीच पाठ पुढे मोडायची होती!

त्याच सुमारास गावात एक बोलपट आला. गोष्ट अशाच एका म्हाताऱ्यांच्या घराची. सगळे भांडखोर, पण शेवटी मायेने विरघळतात म्हणे. मला वाटलं, दाखवावा. बघून तरी सुधारतील. थिएटरचे मालक करीमशेठ ओळखीचे. त्यांनी शनिवारच्या दुपारच्या खेळाला एक अख्खी रांग दिली.

खेळ रंगला. पडद्यावर एक बोळक्या तोंडाचा म्हातारा होता, भाच्याने टाकलेला. (मी खुर्चीत थोडा खाली घसरलो.) भरल्या पंगतीत त्याने ताट सारलं आणि गर्जना केली, "माझं माणूस माझ्या शेजारी जेवायला बसेपर्यंत अन्न वर्ज्य!"

आणि खटकन पडदा काळा! यंत्राचा पट्टा तुटला.

"मास्तर, नवा पट्टा उद्याच्या गाडीनं मुंबईहून येणार," करीमशेठ म्हणाले. "तवर मी काय हातानं फिरवू?"

मंडळी मुकाट घरी आली. मला वाटलं, चला, शांतता झाली. संध्याकाळी पानं वाढली, तर एकही हात ताटाकडे जाईना!

"का हो, काय झालं?"

गोपाळरावांनी फळ्याकडे बोट केलं. "नियम. तो उपाशी आहे."

"अहो, तो सिनेमातला! तो आपल्या पंगतीतला नाही!"

"म्हाताऱ्यांच्या घरातला आहे. पंगतीत होता. ताट सारून उठला. आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं. नियमात 'आपल्या पंगतीतले' असं कुठे लिहिलंय? दाखवा!"

दाखवतो कसला! 'कोणीही' मीच लिहिलं होतं.

मी भागाआजींकडे वळलो. "आजी, तुम्ही तरी..."

"त्यो म्हातारा उपाशी हाय, आन् तू मला भाकर दावतो? लाज नाय वाटत?"

राहता राहिली आत्या. तिला आधीच पित्ताचा त्रास. उपाशी राहिली की भोवळ यायची. मी तिच्यासमोर बसलो. "आत्या, तू दोन घास खा."

"मी तर मुळीच खाणार नाही," ती ताट पुढे ढकलत म्हणाली. "भाच्याने टाकलेल्या माणसाचं दुःख इथे दुसऱ्या कोणाला कळणार, दत्तू?"

मी ताट तिच्याकडे सरकवलं, तिने ते पुन्हा पुढे ढकललं.

सकाळपर्यंत आत्याचा चेहरा उतरला. उठताना तिने भिंत धरली, तेव्हा मात्र मी पळत करीमशेठकडे गेलो. "शेवटी म्हातारा जेवतो का, एवढंच सांगा!"

"वा मास्तर! शेवट सांगितला तर तिकीट कोण काढंल?"

मग मी ठरवलं, थाप मारायची. परत येऊन जाहीर केलं, "शेवट कळला. म्हातारा जेवला! बसा पानावर."

गोपाळरावांनी चष्मा पुसला. "काय जेवला?"

"भाकरी."

"बोळक्या तोंडाने?"

"कुस्करून खाल्ली. दुधात."

"बायको गेल्यापासून त्याने दूध सोडलंय. पहिल्याच प्रवेशात म्हणाला. तुम्ही तेव्हा पान खायला बाहेर गेला होता."

"मग... आमटीत!"

"मास्तर, ही खोटी साक्ष झाली."

सगळी पंगत माझ्याकडे पाहत होती. आत्या तेवढी खाली पाहत होती. माझ्यासाठी तिलाच लाज वाटत होती! पाचवीतला मुलगा नकाशात गोदावरी उलटी वाहवतो, तेव्हा माझाही चेहरा तसाच होतो.

रविवारी दुपारी पट्टा आला. मी करीमशेठच्या अक्षरशः पाया पडलो. त्यांनी पुढचा खेळ थांबवून शेवटचा तुकडा आधी लावला. बाहेर तिकिटं काढून उभे असलेले लोकही कुतूहलाने आत घुसले. आमची रांग उपाशीपोटी बसली. आत्याला दोघींनी धरून आणलं होतं.

पडद्यावर भाचा आला. म्हाताऱ्याजवळ मांडी घालून बसला आणि त्याच्याच ताटातला घास उचलला.

"आला का मुडद्या!" भागाआजी ओरडल्या. "इतके दिस कुठं मेला व्हता?"

आणि आमची अख्खी रांग, पडदा सोडून, वळून माझ्याकडे बघू लागली! मागून कोणीतरी विचारलं, "कोण हो? हाच का तो?"

मला काय झालं कोण जाणे. डोळे भरून आले होते, आणि मी उभा राहून मोठ्याने बोललो, "आत्या! ऊठ! घरी चल!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्यासुद्धा!

आत्या म्हणाली, "खाली बस. मागच्यांना दिसत नाही."

परतल्यावर सगळे जेवले. आत्याने दोन वेळा आमटी मागून घेतली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी काही येत नाही हं. इथली फोडणी आता माझ्या ताब्यात आहे. मी नाही म्हटलं तर इथे मोहरी तडतडत नाही. पण तू येतोस तो फळा वाचून दाखवायला येतोस. एखाद्या दिवशी पानावर बस की माझ्या शेजारी."

मी मान खाली घालून घरी आलो. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"आत्याबाईंना घरी आणताय म्हणे?" सौभाग्यवतींनी ताट आदळलं. "भर थिएटरात टाळ्या घेऊन! आणि मला कळतंय ते शेजारणीकडून!"

"तू आत्याला काही बोलू नकोस!"

"मी कधी बोलले? मी फक्त फोडणी घातली!"

शब्दाने शब्द वाढला. मी, पडद्यावरच्या म्हाताऱ्याच्याच थाटात, ताट सारून उठलो. शेजारणीने तेही खिडकीतून पाहिलं, आणि तिचे सासरे आमच्याच म्हाताऱ्यांच्या घरात राहायला होते!

दिवेलागणीला दारावर थाप पडली. ओळखीची, बेलिफाची थाप. गोपाळराव काठी टेकत उंबऱ्यात उभे.

"मास्तर, पंगत खोळंबली आहे. आत्याबाईंनी घास खाली ठेवलाय."

"अहो, पण मी त्या घरातला नाही!"

"'कोणीही'," गोपाळराव म्हणाले, आणि ओटीवर ठाण मांडून बसले.

आत्या उपाशी म्हटल्यावर आमच्या मंडळींचाही राग पळाला. त्यांनी मुकाट्याने पान वाढलं. मी भराभरा भात गिळू लागलो. गोपाळराव एकेक घास नजरेने नोंदवत होते. शेवटी मी म्हणालो, "झालं! जेवलो! सांगा जाऊन."

"तुमच्या शब्दावर नाही," ते कंदील उंचावत म्हणाले. "तुमची साक्ष एकदा खोटी ठरली आहे. तोंड उघडा."

समोरच्या ओट्यावर माझ्याच वर्गातली तीन पोरं बसली होती. मी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा काढायला वळलो, तोच मागून कालच्या तिघांपैकी एकाचा अतिशय नम्र आवाज आला, "मास्तर, जेवून आलात ना? आज पंगत बसू द्यायची ना?"