मला म्हणे गाडी लागते

उभा जन्म मी एसटी चालवली. बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरायचा, मोताळा, मलकापूर, की परत वर. याच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

निवृत्त झालो आणि देऊळघाटला घरी बसलो. पोरगा तिकडे स्वित्झर्लंडात नोकरीला. त्याने एकदा मोबाईलवर एका लाल आगगाडीचा व्हिडिओ पाठवला अन् माझं डोकंच फिरलं. शंभर वर्षांपूर्वी त्या लोकांनी विजेवरची ही गाडी डोंगरावर चढवलेली. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टीचा आधार नाही, नुसती चाकं आणि वरची तार. बर्फाच्या खिंडीतून पलीकडे उतरते ती सरळ इटलीत जाऊन थांबते. बसल्या जागी एक देश संपतो, दुसरा लागतो. उतार फार झाला तिथे गोल पूल बांधलाय. गाडी त्याच्यावरून गिरकी घेते आणि त्याच पुलाखालून निघून जाते. आमच्या बुलढाण्याला अजून रूळ माहीत नाही, निवडणूक आली की सर्व्हे तेवढा येतो, पण ते जाऊ द्या. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला देव जाणे. बायको म्हणायची, "आता त्या मोबाईलच्या आतच जाऊन बसा!"

पोराजवळ मी जन्मात एकच गोष्ट मागितली. "मले त्या गाडीत बसव बाप्पा एकडाव. डायवरच्या मांगच्या शिटवर. तो घाट कसा उतरवते ते पाह्याचं हाय मले." तो म्हणाला, "हाव बाबा, बसवतो. तुम्ही पासपोर्ट काढा." काढला. खामगावहून जाड कोट आणला. स्टँडवरच्या जुन्या दोस्तांना सांगून सांगून त्यांचे कान किटवले.

एप्रिल संपता संपता त्याचा फोन आला. "बाबा, यंदा बर्फ लय पडला. खिंड बंद हाय, गाडीबी बंद हाय. पुढच्या साली पाहू." मी पुढे एक शब्द विचारला नाही. घाटातल्या माणसाला घाट बंद आहे म्हटलं की त्याचं बोलणं तिथेच संपतं. पावसाळ्यात आमच्याकडे दरड आली की साहेब असो की मंत्री, गुमान थांबतो. उलट मीच त्याची समजूत घातली, "काऊन मनाले लावून घेतं बे? निसर्गापुढं कोनाचं चालते?"

दिवाळीनंतर व्याही आले. पुण्याचे, माणूस सज्जन. लग्न पोरांनी तिकडच्या तिकडे जमवलेलं आणि पुण्याला लावलेलं, त्यामुळे आमच्या घरात त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. लग्नाच्या गर्दीतही आमचं बोलणं रामरामापुरतंच झालेलं. आमच्याकडे व्याह्याचा मान मोठा. त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, आणि जाताना त्याला पुढच्या गाडीत बसवून दिल्याशिवाय माघारी फिरायचं नाही. बायकोने पुरणपोळ्या केल्या, तुपाला हात आखडला नाही. जेवणं झाली आणि व्याह्यांनी मोबाईल काढला.

"मे महिन्यात जावईबापूंनी आम्हाला काय फिरवलं हो! हे बघा."

तीच लाल गाडी. दोन्ही बाजूंना बर्फ, मधून मोकळे रूळ. अगदी पुढच्या सीटवर व्याही, शेजारी माझा पोरगा. तो त्यांना समजावून सांगत होता, "आता बघा, हा नुसत्या ब्रेकवर उतरवणार नाही. मोटरवरच गाडी तोलून धरेल." उतारावर गाडी तोलून कशी धरायची, हे त्याला मी सांगितलेलं. लहान होता तेव्हा, माझ्या शेजारी बसवून, आमच्या राजूरच्या घाटात.

"मे महिन्यात?" मी विचारलं.

"मेमध्येच की. तुम्हीही यायला हवं होतं. पण जावईबापू म्हणाले, बाबांना गाडी लागते, डोंगरात तर फारच. सगळं आयुष्य एसटीच्या ऑफिसात टेबलावर गेलेलं, प्रवासाची सवय नाही. असतं एकेकाचं!"

माझे कान तापले. मला गाडी लागते! मला! बर्फाचं खोटं मी एक वेळ गिळलं असतं. पण टेबल? म्हणजे बाप डायवर होता हे पोराने सासरी कधी सांगितलंच नव्हतं. त्याला माझी लाज वाटत होती. मी व्याह्यांच्या शेजारी त्या गाडीत बसलो असतो तर तोंड उघडताच त्याचं बिंग फुटलं असतं. म्हणून मला घरी ठेवलं. ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं त्याने माझा जन्मच पुसून टाकला, आणि वर माझ्या पोटात मळमळ भरली. शिवी अगदी ओठांवर आली होती.

सुपारीचं तबक घेऊन आलेली बायको दारातच थबकली. "अवं, हे तं..." तिने सुरुवात केली. मी तिच्याकडे पाहिलं. खरं बोललो तर नाक पोराचंच कापलं जाणार होतं, तेही सासऱ्यासमोर, माझ्याच घरात. ती तबक ठेवून आत गेली.

"हो," मी व्याह्यांना म्हणालो, "लागते थोडी."

त्यांची रेल्वे मलकापूरहून होती. ते म्हणाले, "तुम्ही नका येऊ, त्रास होईल." पण व्याह्याला दारातूनच कसं वाटेला लावायचं? त्यांच्या भाड्याच्या गाडीत मागे बसलो. बुलढाणा सुटलं तसं त्यांनी खिशातून आवळ्याची पुडी काढली आणि एक फोड माझ्या हातावर ठेवली. "तोंडात धरा. आणि बाहेर बघू नका, खाली बघा."

धरली. घाट सुरू झाला. गाडीवाला नवखा होता, वरच्या गिअरमध्येच उतरवत होता आणि प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होता. ब्रेकचा जळका वास आत येऊ लागला. 'अबे, दुसऱ्यात टाक' एवढंच म्हणायचं होतं. मी आवळा चघळत पायाखालच्या चटईकडे बघत राहिलो. प्रत्येक वळण मला न बघता कळत होतं. व्याह्यांना वाटलं, मला मळमळतंय. ते माझ्या पाठीवरून हळूहळू हात फिरवू लागले. इतक्या मायेने माझ्या पोरानेसुद्धा कधी फिरवला नसेल.

घाट संपला, सपाटी लागली. त्यांनी हात काढला आणि हसून म्हणाले, "बघा, नाही लागली ना गाडी?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यामुळे."