नव्वद दिवस कुणी फिरकलं नाही

माझी धाकटी बहीण दीक्षा दहिवलीत घरी बसून नोकरी करते. ती नक्की काय करते हे पाहुण्यांना सांगताना आईची त्रेधा उडते, म्हणून मीच सांगते. पुण्याच्या एका कंपनीचं एक साधन आहे. वेबसाइटवर किती लोक आले, कुठून आले, कुठलं पान बघून गेले, हे ते मोजतं. ते कसं वापरायचं याची माहिती दीक्षा लिहिते. सात वर्षं तिने ती माणसांसाठी लिहिली. गेल्या वर्षी साहेबांनी सांगितलं, माणसं आता वाचत नाहीत, एआय एजंट वाचतात, त्यांच्यासाठी लिही. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, जो ही माहिती वाचून मालकाच्या वतीने परस्पर काम उरकतो.

तेव्हापासून घरात तिच्याशी बोलायची सोय राहिली नाही. ‘शक्यतो’ लिहिलं की साहेबांकडून परत. ‘गरज वाटल्यास’ लिहिलं की परत. एका ओळीवर तर तीन दिवस घासाघीस चालली. ज्या पानावर फारसं कुणी फिरकत नाही ते काढायला हरकत नाही, असं तिने लिहिलं होतं. फारसं म्हणजे किती, ते साहेबांना हवं होतं. समोर ताट निवत होतं. वैतागून तिने टाइप केलं, नव्वद दिवसांत कुणीच आलं नाही तर पान काढावं. ते लगेच पास झालं. मी म्हटलं, सुटलीस बाई.

आता ललिताताई. ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतात. मृगाच्या आसपास रानात शेवळं ही रानभाजी उगवते. त्या आणि आणखी आठजणी ती खुडून जुड्या बांधतात, खाताना घशाला खाज सुटू नये म्हणून सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, देतात. हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा, आणि त्यावर त्यांच्या घरात पावसाळ्याचं धान्य भरायचं. कर्जतच्या एका संस्थेच्या वेबसाइटवर दीक्षानेच त्यांचं पान करून दिलं होतं. मुंबईचे लोक तिथे आधी मागणी नोंदवत. दोन वर्षं छान चाललं.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ललिताताई पाटी घेऊन आमच्या दारात आल्या. संस्थेकडे एकही मागणी आली नव्हती. गेल्या वर्षीच्या अंदाजाने खुडलेली शेवळं काळी पडायला लागली होती. दीक्षाने वेबसाइट उघडली तर पानच नव्हतं. संस्थेच्या वेबसाइटवर दीक्षाच्या कंपनीचंच साधन होतं आणि देखभाल त्यांनी एजंटवर सोपवली होती. एप्रिलमध्ये त्याने पान काढलं होतं आणि कारण नोंदवलं होतं, नव्वद दिवसांत एकही भेट नाही. खाली दीक्षाच्याच लिखाणाचा दाखला.

दीक्षाचा चेहरा उतरला. तिने काही लपवलं नाही, माझ्या ओळीमुळे झालं, असं सरळ सांगून टाकलं. ललिताताई रागावल्या नाहीत, तेच मला सहन होईना.

“उन्हाळ्यात शेवळं नसतात, ह्ये पन लिवून सांगाय लागतं गं?” त्यांनी विचारलं.

“लागतं,” दीक्षा म्हणाली. “मला माहीत होतं, म्हणूनच लिहायचं सुचलं नाही.”

पान त्याच दिवशी परत लागलं, पण मागण्या येईस्तोवर हंगाम सरत आला. बायकांनी शेवळं रस्त्याकडेला बसून मिळेल त्या भावाने विकली, उरलेली टाकून दिली. मला एजंटचा राग आला नाही. त्याला लिहिलेलं तेवढंच कळतं. राग आला दीक्षाचा, आणि ‘सुटलीस’ म्हणणाऱ्या माझा.

दीक्षाने नवी ओळ घातली, पान काढण्याआधी ज्याचं पान आहे त्याला विचारा. साहेबांनी ती खोडली. विचारावं लागू नये म्हणूनच लोक एजंट ठेवतात, म्हणाले. तिने पुन्हा घातली, त्यांनी पुन्हा खोडली. मग तिने फोन केला आणि ही ओळ राहणार नसेल तर पुढचं सगळं तुम्हीच लिहा, असं सांगितलं. शेवटी साहेब नमले, थोडा बदल करून.

पुढच्या बाजाराला ललिताताई आल्या, तेव्हा दीक्षाने मोठ्या उमेदीने पास झालेली ओळ वाचून दाखवली. ज्याचं पान आहे त्याला फोनवर संदेश पाठवा, चोवीस तासांत उत्तर आलं नाही तरच पान काढा.

ललिताताईंनी दोनदा वाचायला लावलं.

“आमच्या वाडीत रेंज नाय,” त्या म्हणाल्या. “ह्ये तर तुला म्हाईत हाय गं.”