तीन रेषांचा बोल्ट

बाजारात तिला सगळे वहिनीच म्हणत, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचे फिटरसुद्धा. नट-बोल्टच्या त्या अरुंद दुकानात छतापर्यंत लाकडी कप्पे होते आणि कप्प्यांपुढे स्टुलावर सासरे. पाय अधू झाले होते, जीभ मात्र शाबूत. स्मरणशक्ती तर अशी की कोणी कधी कुठला वॉशर नेला, ते चेहऱ्यासकट सांगत. "गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाता कामा नये," हा त्यांचा एकच मंत्र. खिळा मागितला तर स्क्रू देतील, पण 'नाही' म्हणणार नाहीत. वहिनी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. वाण नाही पण गुण लागला होता.

त्या सकाळी चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर आले. हात काळे, चेहरा उजळ. वडिलांची जुनी मोटार त्यांनी स्वतःच उघडली होती. इंजिनात पिस्टनचा दांडा धरून ठेवणारे दोन बोल्ट बदलायचे होते. नमुना म्हणून तेलाने माखलेला एक बोल्ट त्यांनी काउंटरवर ठेवला.

"चार बाजार पालथे घातले, वहिनी. जुने इंची आटे म्हटलं की लोक हातच जोडतात. आणि उद्या लेकीला आणायला जायचंय. बाळाला घेऊन येतेय पहिल्यांदा. घाट उतरून यायचंय."

"सगळ्यात वरचा कप्पा बघ," सासरे म्हणाले.

वहिनी शिडीवर चढली. कप्प्याच्या तळाशी थोडेसेच बोल्ट उरले होते. तिने दोन काढले, त्यांच्यावर आणि नमुन्यावर एकच नट फिरवून पाहिला. सरसर गेला. लांबी तीच, जाडी तीच. मास्तरांचा आनंद गगनात मावेना. "जुना राहू द्या इथेच," म्हणत ते गेलेसुद्धा. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला.

संध्याकाळी काउंटर आवरताना वहिनीने तो जुना बोल्ट फडक्याने पुसला. काळं निघालं आणि डोक्यावर उठावाच्या तीन रेषा दिसल्या. रेषा म्हणजे कडक पोलाद, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. वरच्या कप्प्यातल्या बोल्टांची डोकी मात्र कोरी होती. फाटकाला, बाकाला लावायचा माल तो.

"मामंजी, चुकीचे बोल्ट दिले आपण."

"बसले ना? मग झालं."

"बसतील हो, पण ताणाखाली तुटतील. दांडा इंजिन फोडून बाहेर येईल. घाटात झालं म्हणजे?"

"येईल तो परत. गिऱ्हाईक जातंय कुठे?"

तेच तर तिला ठाऊक नव्हतं. ना नाव, ना पत्ता. तिने नमुना, कप्प्यातला एक बोल्ट आणि एक कानस पिशवीत टाकली आणि पायात चपला अडकवल्या.

पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, "पिस्ता रंगाची जुनी गाडी ना? टायरवाल्याला विचारा." टायरवाल्याने डेअरीमागची गल्ली दाखवली. ती चालत होती की पळत होती, तिचं तिलाच कळेना. न पाहिलेलं ते बाळ सारखं डोळ्यांपुढे येत होतं. स्वतःचा तर इतका राग आला होता! द्यायच्या आधी एकदा फडकं फिरवलं असतं, तर काय हात झिजले असते?

गल्लीच्या तोंडाशीच इंजिनाचा आवाज आला. चांगला, एकसारखा, सुखी आवाज. म्हणजे बोल्ट बसवूनही झाले होते.

"या या, वहिनी!" पत्र्याच्या शेडमधून मास्तर ओरडले. "ऐकताय ना? दिवसभर गाडीखाली पडून होतो!"

"बंद करा!"

"अहो, आत्ता कुठे..."

"आधी बंद करा ते!"

इंजिन थांबलं. तिने जुन्या बोल्टवर कानस ओढली; जेमतेम ओरखडा उठला. मग कप्प्यातल्या बोल्टवर ओढली, तर चकचकीत कीस खाली पडला. आपल्या गाडीत यातला कुठला बसलाय, हे मास्तरांना सांगावं लागलं नाही. त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"मग खरे कुठे मिळतील?"

'बघते, देते काहीतरी' असं सवयीने वहिनीच्या ओठांवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"माहीत नाही. आमच्याकडे नाहीत."

मास्तरांनी बॉनेट खाली ओढून लावलं. "बसने आणतो तिला," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी वहिनीला हात जोडले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती परतली तेव्हा सासरे दिवा लावून वाट बघत होते.

"भेटले का?"

"भेटले. गाडी थांबवली."

"मग झालं तर. कशाला एवढा घोर लावून घेतेस?"

वहिनीने शिडी लावली आणि वरचा कप्पाच काढून खाली आणला. सगळा माल भंगारात टाकायचा, हे तिने वाटेतच ठरवलं होतं. पण तळाशी उरलेले ते मूठभर बोल्ट बघून तिचा हात थांबला. ती लग्न होऊन आली तेव्हा हा कप्पा शिगोशीग भरलेला होता.

तिने तो सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला.

"मामंजी, यातले इंजिनासाठी कोणाकोणाला दिलेत?"

सासऱ्यांनी एक बोल्ट उचलला. त्याच्या कोऱ्या डोक्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. ओठ हलले, पण एकही चेहरा निघेना.

"नाही गं," ते म्हणाले. "नाही आठवत."